झावळ्यांखालचा ट्रान्सफॉर्मर

दिगू,

कर्मचाऱ्यांच्या मासिकाने तुझ्यावर लिहायला सांगितलं आहे. ‘तुम्ही त्यांचे जवळचे, तुमच्याशिवाय कोण लिहिणार,’ असं संपादक फोनवर म्हणाले. मी हो म्हटलं आणि तेव्हापासून टाळतोय. ऑफिसच्या मराठीत लिहितोय म्हणून हसू नकोस. आपण दोघं एकमेकांशी जन्मात असं बोललो नाही, पण मालवणीत लिहायला बसलो की तुझाच आवाज कानात येतो आणि पुढचं वाक्य सुचत नाही.

जे सांगायचं ते आधीच सांगून टाकतो. नाहीतर मी चार पानं तुझं कौतुक करत बसेन आणि मूळ गोष्ट राहून जाईल. उन्हाळ्यात तुझ्या भागातल्या तोंडवलीचा ट्रान्सफॉर्मर जळला आणि तू जिल्हाभर दुसरा शोधत फिरत होतास, तेव्हा तसाच एक चांगला ट्रान्सफॉर्मर माझ्या आवारात पडून होता. मागच्या शेडमध्ये, ताडपत्रीखाली, आणि ताडपत्रीवर माडाच्या झावळ्या. तू फोन करून विचारलंस आणि मी नाही म्हणालो. त्यानंतर थोड्याच दिवसांत तू गेलास.

हे मासिक घरी वाचणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या घरच्यांसाठी थोडं सांगायला हवं. आपली वीज कंपनी एवढी मोठी की तिच्या एका खिशात काय आहे ते दुसऱ्या खिशाला कळत नाही. एखादं काम रद्द होतं, खांब उरतात. रस्ता रुंद होतो, जुनी लाइन काढतात, तार उरते. नियम म्हणतो, उरलेलं स्टोअरला परत करा. पण स्टोअरला गेलेली वस्तू आपल्याला लागेल तेव्हा परत मिळेल याची खात्री कोणालाच नाही. म्हणून प्रत्येक शाखेचा इंजिनीअर थोडंफार पोटात ठेवतो. आपल्याकडे घराघरात पावसाआधी सुकी मासळी, कोकम, मिरची भरून ठेवतात ना, आगोटीची बेगमी, तशी ही आमची लोखंडाची बेगमी. एका शाखेत खांब गंजतात आणि शेजारच्या शाखेत त्याच खांबांसाठी नवीन मागणी जाते.

आणि ती बेगमी लपवावी लागते. साहेब दौऱ्यावर आले, चांगली वस्तू दिसली, की म्हणणार, ‘हे शिल्लक दिसतंय, द्या पाठवून अमक्याला.’ म्हणून चांगल्या मालाला भंगाराचं सोंग द्यायचं. माझ्याकडचा ट्रान्सफॉर्मर एका भातगिरणीसाठी आला होता. गिरणीवाल्याने बेत बदलला, गिरणी आली नाही, ट्रान्सफॉर्मर राहिला. माझा लाइनमन परशा आणि मी, आम्ही दोघांनी त्याच्या अंगाला जळकं तेल आणि माती फासली. गोऱ्या पोराला दृष्ट लागू नये म्हणून तीट लावतात तशी. समोर खांबांवरचे मोडके आडवे आर्म रचले, वर झावळ्या टाकल्या. सोंग इतकं बेमालूम वठलं की एकदा भंगाराचा लिलाव घेतलेल्या माणसाचे हमाल त्यालाच दोर बांधायला लागले. मी जेवणावरून उठून उष्ट्या हाताने धावलो. ही गोष्ट तुला सांगितली असती तर तू खोकला लागेपर्यंत हसला असतास. पण तुलाच तर सांगता येत नव्हती.

कारण तू बरोबर उलट्या डोक्याचा. डिप्लोमाला असल्यापासून तुला उरलेली वस्तू बघवायची नाही. माझी पेन्सिल बोटभर झाली की मी फेकायचो, तू ती उचलून तिला कागदाची शेपटी लावायचास आणि वर मलाच दाखवायचास. महिन्याची मीटिंग झाली की कुडाळच्या खानावळीत आपण जेवायला बसायचो, तिथेही तुझी नजर दुसऱ्याच्या ताटावर. ‘तुझी भाकरी उरली काय रे?’ वाढप्याला तुझी लाज वाटायची, मला तर वाटायचीच. नोकरीत आल्यावर तुझी ही खोड कमी होईल असं वाटलं होतं. पण तुला तर एवढी मोठी कंपनीच उष्ट्या ताटासारखी समोर मिळाली.

तारकर्लीची ती दुपार आठवते? किनाऱ्यालगतची जुनी लाइन काढली होती आणि खांब माडांत आडवे पडले होते. खाऱ्या वाऱ्याने लोखंडाला पापुद्रे सुटले होते. तू एका खांबावर बसून नखाने गंज खरवडत होतास. मी म्हटलं, ‘राहू दे रे, कधीतरी लागतील कोणाला.’ तू वर न बघता म्हणालास, ‘लोखंडाक वाट बघूक येणा नाय रे शिरपा. तां गंजता.’ मग तू कोणाकोणाला फोन लावलेस, संध्याकाळपर्यंत टेम्पो उभा केलास आणि अर्धे खांब डोंगरातल्या एका वाडीसाठी निघालेसुद्धा. टेम्पोत पुढे जागा नव्हती म्हणून आपण मागे खांबांवर बसून गेलो. माझी पँट गंजाने लाल झाली आणि घरी ओरडा खाल्ला तो मी. त्या दिवशी मी तुझ्यावर चिडलो होतो, पण आता वाटतं, तेवढं मोकळं मी नोकरीत कधीच हसलो नाही.

मग ते वादळ आलं. माझ्याकडचे किती खांब मोडले ते बघायचीसुद्धा सोय नव्हती, रस्तेच बंद होते. मी सगळीकडे माल मागितला आणि सगळीकडून एकच उत्तर: आमच्याकडेच नाही. लोकांनी ऑफिसला घेराव घातला. मी टेबलाशी डोकं धरून बसलो होतो, तेवढ्यात तुझा ट्रक आला. खांब, तार, तुझी माणसं, आणि पुढच्या सीटवर भिजलेला तू. तुझ्या स्वतःच्या भागात अजून काळोख होता. ‘आमच्यांका मी समजावतंय,’ एवढंच बोललास आणि कामाला लागलास.

एकाच वादळाने आपल्या दोघांना दोन वेगळे धडे दिले. तू शिकलास की द्यावं. मी शिकलो की मागून काही मिळत नाही, आपलं आपल्याकडे असलेलं बरं. ज्या ट्रकने माझी इज्जत वाचवली तो माझ्या हिशेबात धरलाच नाही मी. तो तुझा वेडेपणा, असं म्हणून बाजूला ठेवला.

त्यानंतर तू तो व्हॉट्सॅप ग्रुप काढलास. नाव काय, तर ‘आसा काय?’, म्हणजे ‘आहे का?’. जिल्ह्यातले सगळे शाखा इंजिनीअर त्यात. कोणी विचारायचं, ‘खांबाक ताणूक स्टे वायर आसा काय?’ कोणी सांगायचं, ‘आसा, उद्या टेम्पो येता.’ वस्तू आधी हलायची, कागद मागाहून. मी तुला बजावायचो, एक दिवस ऑडिटवाले तुला गोत्यात आणतील. तू म्हणायचास, तोवर चार वाड्यांत वीज तर येईल. आणि ग्रुपचा तुझा एकच नियम: आपल्याकडचं आपण सांगायचं, दुसऱ्याच्या आवारातलं दाखवायचं नाही. ‘चाडी करून घेतलेली वस्तू एकदाच गावता,’ तू म्हणायचास. ‘स्वतःहून दिलेली परत परत गावता.’

मी त्या ग्रुपमध्ये होतो. सटरफटर द्यायचोसुद्धा, इन्सुलेटर, नटबोल्ट. तू अंगठा दाखवायचास, खाली हसरा चेहरा. आपला वाद मात्र मिटला नाही. मी म्हणायचो, आधी आपली चूल, मग शेजाऱ्याची. तू म्हणायचास, ‘अरे, शेजाऱ्याकडसून विस्तव हाडल्याशिवाय आपली चूल पेटा होती काय कधी?’ मी विषय बदलायचो. पुढच्या वेळी बघू, असं दोघांनाही वाटायचं.

आता तोंडवलीकडे येतो.

गावात ट्रान्सफॉर्मरला डीपी म्हणतात; शंभराची म्हणजे शंभर केव्हीए क्षमतेची. वाडीत दर दुसऱ्या घरात पर्यटकांच्या खोल्या झाल्या, प्रत्येक खोलीला एसी, आणि ऐन सुट्टीच्या हंगामात ती जुनी डीपी जळली. नळाचा पंप बंद. मासळीच्या शीतपेट्या बंद. तू ग्रुपवर टाकलंस, ‘शंभराची डीपी आसा काय?’ एकामागून एक उत्तरं आली, नाय, नाय, नाय. मी काहीच लिहिलं नाही. मग तू मला फोन केलास.

‘शिरपा, तुझ्याकडे एखादी आसा काय?’

‘नाय रे. आसती तर मी देवचंय नाय?’

‘बरां. बघतंय दुसरीकडे.’

एवढंच बोलणं. खोटं बोलायला मला जराही वेळ लागला नाही, आणि त्याचंच आता आश्चर्य वाटतं. मनात आलं, पाऊस तोंडावर आहे, माझ्याकडे एखादी जळली तर काय करू? दिगूला कोणीतरी देईलच, त्याला सगळे देतात. फोन ठेवला आणि चहा मागवला.

पुढे कोणीतरी मोबाइलवर एक व्हिडिओ पाठवला. वाडीच्या मधोमध तू उभा, घामाने शर्ट पाठीला चिकटलेला, भोवती माणसं. एक खोल्यांवाला तुझ्या नाकासमोर बोट नाचवत होता. ‘पगार कसलो घेतास?’ असं काहीतरी ओरडत होता. तू हात जोडून उभा होतास. मी व्हिडिओ पुरता बघितला नाही. मोबाइल खिशात टाकला आणि मागच्या शेडकडे गेलो. वाऱ्याने झावळ्या सरकल्या होत्या आणि ताडपत्रीचा कोपरा उघडा पडला होता. मी त्या झावळ्या नीट केल्या, दिगू. ह्या हातांनी केल्या.

त्याच आठवड्यात तू दुसऱ्या कामासाठी माझ्या ऑफिसला आलास. थकलेला दिसत होतास. खिडकीतून बाहेर बघत पाणी प्यायलास, आणि खिडकी शेडच्या बाजूची. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काय असतं ते मला तेव्हा कळलं. मी उगाच उठून पंख्याचं बटण दाबलं, जेवायला थांब म्हणून आग्रह केला. तू म्हणालास, नको, वाडीत जायचंय, पाण्याचा टँकर येतोय. शेवटी स्टोअरकडून तुला एक लहान क्षमतेचा मिळाला. तो लावलास. संध्याकाळ झाली, खोल्यांतले एसी चालू झाले, की तो धापा टाकायचा आणि तुझा फोन वाजायला लागायचा.

आणि एका सकाळी कामावर जायला निघताना, बुटाची लेस बांधायला वाकलास तो उठला नाहीस. डॉक्टर म्हणाले, हृदयाच्या नळ्या जुन्याच तुंबलेल्या होत्या, कधीतरी होणारच होतं, कोणाचा दोष नाही. मी ते वाक्य घट्ट धरून ठेवायचा प्रयत्न केला. पण डॉक्टरांना माझ्या शेडमध्ये काय आहे ते माहीत नव्हतं.

तुझ्या बाराव्याला मी तुझ्या घरापुढच्या खळ्यात बसलो होतो. सुनंदावहिनींनी चहा आणून दिला आणि तिथेच टेकल्या. रडून रडून आवाज बसला होता. म्हणाल्या, ‘भावोजी, तुमका एक सांगूचा रवला. ती डीपी जळलेली ना, तेवा तुमचो परशा हयसर इल्लो. ह्यांका म्हणता कसो, आमच्या सायबांकडे मागच्या शेडीत एक आसा, लपवन ठेवल्यानी. हे असे तापले म्हणान सांगू! म्हणाले, शिरपाकडे आसती तर तेना माका सांगल्यान असता. तेच्याबद्दल परत असा बोललंस तर माझी पायरी चढू नको. लगीन होवन इल्यापासून ह्यांका कोणाक असा बोलताना मी बघूक नाय.’

त्या हे अभिमानाने सांगत होत्या. मैत्री कशी असावी, ते सांगत होत्या. शेजारी बसलेल्या तुझ्या मामांनी मान हलवली आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. मी चहा पीत राहिलो. त्या उठून आत गेल्या तेव्हा त्यांना हाक मारून सगळं सांगावंसं मला वाटलं, पण बाराव्याच्या दिवशी त्या बाईकडून तिच्या नवऱ्याचा एक मित्र काढून घेण्याची हिंमत झाली नाही. की हीसुद्धा मी माझीच सोय बघितली?

तुला कळलं होतं आणि तू मला झाकलंस, असं असतं तर बरं झालं असतं. मग मला तुझा राग तरी करता आला असता. समोर येऊन एक सणसणीत शिवी हासडली असतीस तर मी ती आयुष्यभर जपून ठेवली असती. पण मला तुझा स्वभाव माहीत आहे. तुझा खरोखरच विश्वास बसला नाही. समोर माणूस उभा राहून सांगतोय आणि तू त्याला हाकलून देतोस, कारण शिरपा असं करणार नाही. दिगू, तू इतका बावळट कसा रे?

परत येताना परशा गाडी चालवत होता. मी विचारलं, ‘तू दिगूसायबांकडे गेल्लंस?’

‘गेल्लंय. माझी मावशी तोंडवलीक आसा. म्हातारी बावडेसून पाणी काढी होती.’

‘मगे माका कित्याक नाय सांगलंस?’

त्याने गिअर बदलला. ‘तुमका काय सांगूचा, सायब? तुमका म्हायतच होता.’

शोकसभा कुडाळलाच झाली. सगळे बोलले. कोणीतरी म्हणालं, दिगूसाहेबांचं काम थांबता कामा नये, आणि ‘आसा काय?’ ग्रुप माझ्या हवाली करण्यात आला. टाळ्या वाजल्या. मला वाटलं, उठून बोलावं. उठलो, आणि तुझ्या साधेपणाबद्दल दोन शब्द बोलून खाली बसलो. भित्रा माणूस मेलेल्या मित्राची स्तुती फार चांगली करतो.

तुझ्या जागी आलेल्या नव्या इंजिनीअरने ग्रुपवर विचारलं, तोंडवलीसाठी शंभराची डीपी आसा काय? पुन्हा नाय, नाय. मी बराच वेळ मोबाइल हातात धरून बसलो. लिहिलं, पुसलं. आताच आली, असं लिहिता आलं असतं, कोणी तपासलं नसतं. शेवटी लिहिलं, ‘माझ्याकडे आसा. पयल्यापासून आसा. दिगूने मागितली तेवा पण होती.’ एकाने काहीतरी लिहून लगेच पुसलं. ते काय होतं ते मला वाचायचं होतं. मग नव्या इंजिनीअरने ‘टेम्पो धाडतो’ एवढंच लिहिलं.

ट्रान्सफॉर्मर झावळ्यांखालून काढला तेव्हा तळाशी वाळवी लागली होती, झावळ्यांना, लोखंडाला नव्हे. पण तेलात ओल शिरली होती आणि झाकणाची रबरं गेली होती. दुरुस्तीवाला म्हणाला, अजून एक पावसाळा काढला असता तर हा खरोखरच भंगारात गेला असता. आम्ही फासलेली माती घासून काढायला परशाला सकाळ लागली.

तोंडवलीला मी स्वतः गेलो. जायची गरज नव्हती, तो माझा भाग नाही. वाडीतली माणसं जमली. तुझ्यावर बोट नाचवणारा तो खोल्यांवालाही होता, आता सगळ्यांच्या मागे. लाइन जोडून झाली तशी परशाची मावशी नारळ घेऊन पुढे आली. वाकलेली, डोळ्याला पदर. म्हणाली, ‘सायबान माका सांगल्यान होता, आजी, डीपी येतली म्हणान. बघ, मेलो तरी शब्द पाळल्यान.’

सगळ्यांनी माना डोलावल्या. तसंच राहू द्यायला काही हरकत नव्हती. तुझं नाव होत होतं, माझं काही जात नव्हतं. मी म्हटलं, ‘आजी, ही डीपी माझ्याकडेच होती. तुमची जळली तेवा पण माझ्याकडेच होती.’

तिने परशाकडे बघितलं. परशा वर तारांकडे बघत होता.

‘मगे तेवा कित्याक नाय दिलंस?’

‘होयी पडात म्हणान ठेवलेली.’ म्हणजे, कधीतरी लागेल म्हणून.

ती रागावली नाही. खरंच समजलं नाही म्हणून विचारावं तसं तिने विचारलं, ‘आमका होयीच पडलेली मा रे?’

मग तिनेच नारळ परशाच्या हातात दिला, त्याने फोडला, तिकडे स्विच टाकला आणि कोणाच्या तरी घरातला पंप सुरू झाल्याचा आवाज आला. पोरंबाळं ओरडली. मावशीने सुरीने खोबऱ्याचे तुकडे केले आणि पहिला माझ्यापुढे धरला. मी नको म्हटलं. ती म्हणाली, ‘घे. उपाशी जाव नको.’

हे छापतील की नाही माहीत नाही. वहिनी मासिक वाचतात, तेव्हा त्यांना आधी जाऊन मीच सांगणार आहे, उद्या. परवा म्हटलं तर मी जाणार नाही, हे मला आता कळतं.

तो खोबऱ्याचा तुकडा तुझा होता, दिगू. सगळ्यांसमोर मी तो घेतला आणि खाल्ला.